लाट्यांचा दोरा

हे मी पेन्सिलीनं लिहिते आहे. उताणं पडून वही डोळ्यांसमोर उलटी धरली की बॉलपेन दहाव्या शब्दाला बंद पडतं, कारण शाई वर चढत नाही. हा शोध लावायला मला तीन पेनं लागली. तुम्हीही माझ्यासारख्या पाठीवर पडून असाल आणि काही लिहावंसं वाटलं, तर आधी पेन्सिल मागवा. या लेखात माझ्याकडून मिळणारा हा सगळ्यात खात्रीचा सल्ला आहे.

मी मंगल. वय सत्तेचाळीस. नाशिकला सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहते. बिल्डिंगला लिफ्ट नाही. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मुलगी सायली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आणि मला मणक्याचा टीबी झाला आहे. हे शेवटचं वाक्य इतकं सरळ लिहिता यायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी जो घोळ घातला तोच सांगायला बसले आहे. बसले म्हणजे पडलेच आहे.

नाव कळलं तो दिवस

पाठ दिवाळीपासून दुखत होती. फराळाचं जास्त झालं म्हणून दुखतेय, असं मी म्हणाले. मग थंडीमुळे दुखतेय म्हणाले. मग गादी बदलून झाली. संध्याकाळी अंगात कणकण यायची, ती चहा घेतला की जाते असं मी घरात सांगत असे. जायची वगैरे काही नाही. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा तर मला मनातून आनंदच झाला होता, इतकी मी शहाणी.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळाचे लाडू वळून उठायला गेले आणि उजवा पाय माझा नाहीच असं वाटलं. भिंतीला धरून उभी राहिले. सायलीनं बघितलं आणि तिनं माझं काही एक न ऐकता रिक्षा बोलावली.

मग एक्स-रे, मग एमआरआय, मग सुई घालून काढलेला तुकडा तपासायला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी आधी सांगितलं की कॅन्सर नाही. यांनी तिथंच हात जोडले. "टीबी आहे," डॉक्टर म्हणाले, "दोन मणके कुरतडलेत. पण बरा होतो." औषध वर्षभर तरी, आणि पहिले तीन महिने पाठीवर. उठायचं नाही, बसायचं नाही, कूस बदलायची तीसुद्धा दुसऱ्या कुणी ओंडका वळवावा तशी अख्खी वळवायची.

"आणि हे नीट ऐका. पाठीला कुणी हात लावायचा नाही. मालीश नाही, दाबणं नाही, हाडवैद्य तर अजिबात नाही. मणका सरकला तर पाय जातील."

मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. माझ्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला आणि विचारलं, "अंगठा वर आहे की खाली?"

"वर," मी म्हणाले.

मी डोळे उघडले. सायली तोंडावर हात ठेवून उभी होती. अंगठा खाली होता.

मी विचारायचं ते विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, तुमचा हाडातला आहे, फुप्फुसं स्वच्छ आहेत, तुमच्यापासून कुणाला लागणार नाही. तरी घरातल्या दोघांच्याही तपासण्या झाल्या, त्याही स्वच्छ निघाल्या. म्हणजे मला सगळं माहीत होतं. आणि तरी घरी जाताना, फळीवर बांधलेल्या अवस्थेत, मी यांना म्हणाले, "कुणाला नाव सांगायचं नाही. स्लिप डिस्क सांगायचं."

हे म्हणाले, "समोरच्या शोभाताईंनासुद्धा नाही?"

"कुणालाच नाही."

मावशीचा ग्लास

माझं माहेर चांदवडचं. मी सातवी-आठवीत असताना माझी धाकटी मावशी आमच्याकडे आजारपणाला आली होती. तिला फुप्फुसाचा टीबी होता. कांदे साठवायच्या चाळीला लागून एक खोली होती, तिथं तिची खाट टाकली. तिचं ताट वेगळं, वाटी वेगळी, आणि खिडकीत पालथा घातलेला एक स्टीलचा ग्लास. त्या ग्लासाला आम्ही मुलं शिवायचो नाही. पाणी द्यायचं तर तांब्या उंच धरून वरून ओतायचं.

मावशी बरी झाली. नंतर कितीतरी वर्षं ती लग्नकार्याला, सणावाराला यायची, चांगली धडधाकट. आणि दर वेळी आई माळ्यावरून तो ग्लास काढायची. मावशी काही न बोलता त्यातून चहा प्यायची. मी स्वतः तिला त्या ग्लासातून चहा दिलेला आहे.

एवढंच कारण होतं. फार मोठं वाटत नसेल तर मी काय करू? स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर बसेना म्हणून मला फळीवर बांधून, प्रत्येक वळणाला जवळजवळ उभी करून वर नेत होते, आणि वर माझ्या दारात बिल्डिंगमधल्या तिघी जणी उभ्या होत्या. शोभाताईंनी त्यांच्याजवळच्या किल्लीनं कुलूप उघडून हॉलमध्ये पलंग टाकूनही ठेवला होता. माझं घर आता त्या तिघींच्या हातांवर चालणार होतं आणि मला ते हात गमवायचे नव्हते.

तिघी

शोभाताई समोरच्या दाराच्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, माहेर दिंडोरीकडचं, भावाची द्राक्षबाग आहे. बोलणं अजून तसंच, आवाज तळमजल्यापर्यंत जाणारा. गुडघे वाकत नाहीत, बाकी कशानं अडत नाही. नसीमभाभी दुसऱ्या मजल्यावरच्या, माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. वैशाली तळमजल्यावरची, तिशीतली, घरी शिकवण्या घेते. तिची पिहू चार वर्षांची.

कामाची वाटणी त्यांनी जिन्यातच केली. मला दारातून ऐकू येत होतं, विचारलं मात्र कुणी नाही. सकाळी सहाला नळ येतो, तेव्हा पाणी भरायचं आणि भाजी टाकायची ही शोभाताईंची बाजू. सायली पोळ्या करून कॉलेजला जाणार. दुपारी माझं अंग पुसणं, भांडं देणं, वेणी घालणं नसीमभाभींकडे. संध्याकाळचा चहा, यांची दुसरी पाळी असेल तर डबा, आणि पिहूला माझ्या उशाशी खेळायला सोडणं हे वैशालीचं. दाराला फक्त कडी असायची, कुलूप कधीच नाही.

मैत्रिणी मिळाव्यात तर अशा, हे मी मनापासून सांगते. आणि त्यांनी मला वेड लावलं हेही तितकंच खरं.

माझ्या स्वयंपाकघरात वीस वर्षांत जी वस्तू जिथं होती, ती तिथं राहिली नाही. साखरेच्या डब्यात रवा आला. जिऱ्याच्या जागी ओवा आला आणि ओव्याचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. मी सायलीकडून खिडकीच्या गजाला एक हातआरसा बांधून घेतला, त्यात मला ओट्याचा अर्धा भाग दिसायचा. "शोभाताई, तो तिखटाचा डबा नाही, गोडा मसाला आहे!" असं मी पलंगावरून ओरडले, तेव्हा त्या बाहेर आल्या, आरशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

"गप पड जरा," म्हणाल्या. "घर कुठं पळून चाललं नाय."

त्या आत गेल्या आणि मला रडू आलं. पालथं पडून उशीत रडायची सोय नव्हती, म्हणून पाणी दोन्ही कानांत गेलं.

दुपारी

हॉस्पिटलपेक्षा घर अवघड गेलं मला. तिथं सगळेच आडवे होते. इथं पंख्याला तीन पाती आणि मधल्या बुचावर गंजाचा एक डाग, ही माझी दुनिया. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसणारा कावळा. नाकाला खाज आली तर खाजवता येई, गुडघ्याला आली तर कुणी येईपर्यंत वाट. लघवीला लागली की मी घड्याळ बघायची. नसीमभाभी अडीचला येणार. सव्वाला लागली तर सव्वा तास छताकडे बघत पडून राहायचं.

लोक भेटायला यायचे. आपल्या घरी आलेल्या माणसाचा कंटाळा आला तर बाई चहा टाकायच्या निमित्तानं आत जाऊ शकते. मला आत जायला आतच नव्हतं. डोक्यावरून गप्पा चालायच्या, माझ्या पाठीच्या, माझ्या वजनाच्या, कुणाच्या तरी वहिनीच्या स्लिप डिस्कच्या. ती वहिनी कशी पंधरा दिवसांत चालायला लागली. "तुला अजून कसा फरक नाही?" मी हसायची. खोटं एकदाच बोलून भागत नाही, त्याला रोज जेवायला घालावं लागतं.

गोळ्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात, कपाटात वर. सायली पहाटे काढून द्यायची. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. नसीमभाभींनी पहिल्यांदा भांडं उचललं तेव्हा मी लगेच सांगितलं, "व्हिटॅमिनच्या आहेत ना, त्यामुळे."

"हं," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

सगळ्यात वाईट पिहूचं. ती दुपारची झोपही माझ्या उशीवर घ्यायला लागली होती. तिचा श्वास माझ्या गालावर यायचा. तिला काही होणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी तोंड दुसरीकडे फिरवायची. वैशालीला वाटायचं मी चिडले आहे. ती मग पोरीला उचलून न्यायची आणि मला आणखी वाईट वाटायचं.

सायली एकदा फुटलीच. "तू खोटं बोलतेस आणि मलाही बोलायला लावतेस," ती म्हणाली. "शोभामावशी रोज विचारतात, डॉक्टर काय म्हणाले. मी कुठं बघू तेव्हा?" मी तिला म्हणाले की तुला अजून जग माहीत नाही. ती म्हणाली, "मला शोभामावशी माहीत आहेत." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. रोज सकाळी मात्र न चुकता अंगठा धरायची. वर की खाली? कधी बरोबर यायचं, कधी नाही. छापा-काटा केल्यासारखं.

पापडाचा दिवस

होळी झाली की आमच्या चार घरांचे उडदाचे पापड असतात. चार दिवस, रोज एकीच्या घरी. जिच्याकडे पापड तिनं पीठ भिजवून कुटायचं, बाकीच्यांनी पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. यात लाट्या करायचं काम माझं, चारही घरी. तेल लावून मऊ केलेल्या पिठाची लांब वळी करायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, दुसरं हातात ताणून धरायचं आणि वळीचे पटापट गोळे कापायचे. त्या गोळ्याची लाटी. वैशाली नवीन लग्न होऊन आली तेव्हा "ई, पायाला?" म्हणाली होती. मग माझ्या लाट्या पाहिल्या, सगळ्या एका मापाच्या, आणि गप्प लाटायला बसली. शोभाताईंचा गुडघा वाकत नाही, म्हणून त्यांना अंगठ्यात दोरा धरता येत नाही. सुरीनं कापलेली लाटी त्यांना चालत नाही. दर वर्षी त्या माझ्यावर अवलंबून.

यंदा तिघींनी ठरवलं की पहिला दिवस माझा, माझ्याच हॉलमध्ये, पलंगाभोवती. मला करमावं म्हणून. हे पहिल्या पाळीला गेले होते, सायली कॉलेजला. सकाळी नऊला शोभाताईंनी पीठ कुटायला घेतलं, जुन्या साड्या अंथरल्या गेल्या, हिंग-मिरीचा वास घरभर झाला. मला वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं. वैशालीनं पिठाचा तुकडा माझ्यापुढे धरला, "ताई, तुम्ही नुसतं मळा तरी." मी म्हणाले, हात दुखतात. उद्या या तिघींना कळलं तर या पापडांचं काय करतील, हे माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात शोभाताई हात पुसत म्हणाल्या, "मंगल, तुझ्यासाठी एक गंमत आणलीय."

दारातून एक म्हाताऱ्या बाई आत आल्या. काटक, कपाळावर गोंदण. शोभाताईंच्या भावाच्या बागेत पेठ तालुक्यातून मजूर येतात, त्यांच्यातल्या एकाची आई. हाडं बसवतात. कितीतरी जणांच्या पाठी सरळ केल्या म्हणे. शोभाताईंनी त्यांना सकाळच्या गाडीनं बोलावून घेतलं होतं आणि लसूण-ओवा घालून तेल गरमही करून ठेवलं होतं. ओवा सापडला एकदाचा, असं माझ्या मनात आलं, खरंच.

"नको, शोभाताई."

"काय नको? दोन महिने झाले, डाक्टरनं नुसतं झोपवून ठिवलंय. ह्या बाईचा हात लय हलका हाय. पालथी हो, आम्ही धरतो."

नसीमभाभींनी लाटणं खाली ठेवलं. "आज नको, ताई. आधी डॉक्टरला विचारूया."

"डाक्टरला काय इचारायचं? ह्ये काय त्याच्या पुस्तकात हाय का?"

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

"म्हणून तर आम्ही तिघी हाव ना!" शोभाताईंचा एक हात माझ्या खांद्याखाली शिरला. तो हात मला ओळखीचा होता, रोज मला ओंडक्यासारखं वळवणारा, कधीही न चुकणारा. "वैशाली, कमरेखाली धर. मी तीन म्हटलं की."

मी नसीमभाभींकडे पाहिलं. त्या माझ्याचकडे बघत होत्या, अगदी स्थिर. आणि मला कळलं की भाभींना माहीत आहे. पण त्या बोलल्या नाहीत.

"एक," शोभाताई म्हणाल्या. "दोन..."

"टीबी आहे!" मी ओरडले. "मला मणक्याचा टीबी आहे. हात लावू नका. पाय जातील माझे."

शोभाताईंचा हात माझ्या पाठीखालीच राहिला. मग त्यांनी तो इतका हळू काढला की मला सुटल्याचं कळलंही नाही. त्या म्हाताऱ्या बाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मंग मी हात नाय लावायची. हे माझं काम नाय." त्या एकट्याच शांत होत्या.

वैशालीनं पिहूला उचलून घेतलं होतं. "ताई, ही रोज तुमच्या उशीवर झोपते."

"लागत नाही गं. हाडातला आहे. डॉक्टरांनी..."

"नसेल लागत. पण ते मला सांगायला हवं होतं. मग मी ठरवलं असतं." ती खाली निघून गेली.

शोभाताई अजून स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. बोटांना पीठ लागलेलं. "कवापासून?"

"पहिल्यापासून."

"म्हंजी म्या आज तुला पालथी केली असती. म्या ह्या बाईला एवढ्या लांबून आणली, तेल म्या तापवलं. माझ्या हातनं तुझे पाय गेले असते, मंगल! मग म्या कुठं तोंड घातलं असतं?"

"मला वाटलं तुम्ही यायचं बंद कराल."

"ह्या रोगापायी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मला आयुष्यभर पुरेल. "पंधरा वर्षं तुझ्या ताटात जेवले म्या."

त्यांनी म्हाताऱ्या बाईंना बरोबर घेतलं. जाताना पदराच्या गाठीतून माझ्या घराची किल्ली सोडली आणि चपलांच्या कपाटावर ठेवली. तो आवाज मी छताकडे बघत ऐकला.

त्या दिवशीचे पापड नसीमभाभींनी एकटीनं लाटले, लाट्या सुरीनं कापून. जाड झाले, कडेनं फाटले. डब्यातून काढले की आजही ओळखू येतात. लाटता लाटता मी त्यांना विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं?

"पहिल्याच आठवड्यात. माझ्या भावाला झाला होता. तो रंग मी विसरेन का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं होतं ते सांगणं. मी कोण सांगणारी?" त्यांनी पापड साडीवर टाकला. "पण तुम्ही तीनपर्यंत थांबला असता ना, तर मी बोलले असते. अल्लाकसम."

अकरा दिवस

वैशाली दुसऱ्याच दिवशी आली, एकटी, तोंडाला मास्क लावून. "पिहूच्या डॉक्टरांना विचारलं, काही भीती नाही म्हणाले," ती म्हणाली. "मास्कची गरज नाही, मलाही माहितीये. पण दोन दिवस लावू दे. मनाचं आहे." मी म्हणाले, लाव. इतकं सरळ बोलणं मला दोन महिन्यांत जमलं नव्हतं. पाचव्या दिवशी पिहू परत माझ्या उशीवर आली आणि मी तोंड फिरवलं नाही.

शोभाताई आल्या नाहीत. दोन दारांपलीकडे त्यांचा कुकर वाजायचा, त्यांचा आवाज यायचा, आमच्या दाराची कडी मात्र वाजायची नाही. पहिल्या दिवशी सहाला नळ आला आणि गेला, आमचं पिंप कोरडं. दुसऱ्या दिवशी सायलीनं दार उघडलं तर बाहेर चार बादल्या भरून ठेवलेल्या. तिसऱ्या दिवशीही. बोलणं बंद, पाणी चालू. मी सायलीकडून निरोप पाठवला की माझी चूक झाली. उलटा निरोप आला, "पडून राहा म्हणावं."

मी तेवढंच करू शकत होते. दुसरी कुठलीही बाई उठून समोरच्या दारात गेली असती, पाय धरले असते, भांडली असती, रडली असती. मला सहा पावलांवरचं दार गाठता येत नव्हतं. त्या अकरा दिवसांत मला पायांची भीती उरली नव्हती, खरं सांगते. बारावा दिवसही असाच गेला तर, एवढीच भीती होती.

बारावा दिवस

सकाळी समोरून पीठ कुटल्याचा आवाज यायला लागला. शोभाताईंच्या पापडांचा, यंदा लांबलेला दिवस. नसीमभाभी आणि वैशाली पोळपाट घेऊन तिकडे गेल्याचं मी पावलांवरून ओळखलं. आवाज बराच वेळ चालला, मग थांबला. मग काहीच नाही.

आमची कडी वाजली.

शोभाताई परात घेऊन आत आल्या. मागे सायली स्टूल घेऊन. "म्या बोलायला आले नाय," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "लाट्या व्हईनात. ह्या दोघी सुरी घेऊन बसल्यात, बघवत नाय."

स्टूल पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं गेलं. त्या बसल्या, परात मांडीवर घेतली. मला फक्त त्यांचे केस आणि कपाळ दिसत होतं, माझे पाय तर दिसतच नाहीत. चादर सरकली. त्या खाली वाकून काहीतरी करत होत्या.

"कळतंय का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"काय ते तूच सांग."

मी डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. मग कुठून तरी लांबून एक बारीक रेघ आली, गोल, चिमटा बसावा तशी, थोडी आग करणारी.

"दोरा," मी म्हणाले. "दोरा बांधलाय तुम्ही. अंगठ्याला."

"कुठल्या?"

"उजव्या."

सायलीनं माझा हात पकडला होता आणि इतका जोरात पकडला होता की दुखत होता. मग शोभाताईंनी नाक ओढलं, मोठ्यानं, आणि त्यांच्या नेहमीच्या, तळमजल्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "मग आता वढून धर. ढिला सोडलास तर लाटी वाकडी कापंल."

मी ओढून धरला. दोन महिने जो पाय माझा नव्हता त्याच्या अंगठ्यात मी सगळा जीव गोळा केला. दोरा ताणला गेल्याचं मला कळलं, वळीतून सर्रकन गेल्याचं कळलं, पुन्हा ताणला गेल्याचं कळलं. परातीत लाट्या पडत होत्या. त्यातली एक शोभाताईंनी कच्च्या तेलात बुडवून सायलीकडे दिली आणि ती माझ्या तोंडात आली, हिंगाची, मिरीची, तोंड भाजणारी. माझ्या डोळ्यांतून पाणी कानांत चाललं होतं आणि पाय थरथरायला लागला होता.

"थकलास तर सोडू का?" सायली अंगठ्यालाच विचारत होती, हसत आणि रडत.

"सोडू नको गं," शोभाताई म्हणाल्या. "अजून अर्धी परात हाय."